चावी, न पिणाऱ्या मुलाकडे

विद्यापीठाच्या लोकांना बदलापुरात घरं हवी होती. घरं म्हणजे कुटुंबं: आई, वडील किंवा दोघांपैकी एक, आणि आठवी ते अकरावीतलं किमान एक मूल. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. प्रवेश, परीक्षा, हजेरी, जिथे माणसं रांगेत उभी करायची असतात तिथे मला पाठवतात. विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा प्राचार्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. मी राहते बदलापुरातच, शिरगावात, तिथली निम्मी घरं नात्यातली, उरलेली ओळखीची. महिनाभरात त्यांना हवी होती तेवढी घरं मी जमवून दिली.

त्यांचं संशोधन समजायला सोपं होतं. मुलं नशेला लागण्याआधी, मारामारीत पडण्याआधी, खोलीचं दार लावून बसण्याआधी घरातच काही गोष्टी बदलल्या तर पुढचं टळतं का, हे त्यांना पाहायचं होतं. रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात आईवडील, दुसऱ्या वर्गात मुलं, आणि चहानंतर सगळे एकत्र. घरात नियम कसे ठरवायचे, मूल बोलत असताना मध्ये कसं बोलायचं नाही, कोणी आग्रह केला तर नाही कसं म्हणायचं, असे विषय. सुरुवातीला फॉर्म भरून घेतले होते, वर्षाने तेच पुन्हा भरायचे होते. गैरहजर घरांना फोन करणं माझ्याकडे होतं, आणि ते काम मी जरा आवडीनेच करायचे.

सुरुवातीला लोक विचारायचे, आमच्या पोराला काय झालंय म्हणून यायचं? मी म्हणायचे, पोलिओचा डोस काय आजारी पोराला पाजतात? हे उत्तर संशोधन करणाऱ्या मॅडमना इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या माहितीपत्रकात घातलं. तो कागद मी घरी फ्रिजवर लावला होता.

एकाच बाईने मला काही विचारलं नाही. ती साताऱ्याकडची. अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. नवरा दारूने गेला. तिचा मुलगा माझ्या मुलाच्याच वर्गात, दोघांची चांगली मैत्री. तिने सही केली आणि पेन परत देताना म्हणाली, "ताई, ह्याचा पहिला ग्लास तेवढा टळू दे. बाकी अभ्यासाचं, मार्कांचं माझं काही मागणं नाही." मी तिला म्हटलं, रविवार चुकवू नका, बाकी आमच्यावर सोडा. आमच्यावर, असं म्हटलं मी. जणू विद्यापीठ माझ्याच घरात भरत होतं.

त्या हिवाळ्यात माझ्या पुतणीचं, दिराच्या मुलीचं, लग्न निघालं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला आला नाहीत तरी चालतं, हळदीला आला नाहीत तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मांडव, बँड, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणी, मटणाच्या पंगती, आणि बाटल्या. बाटलीला आमच्याकडे कोणी दारू म्हणत नाही, पाहुणचार म्हणतात. हल्ली काही घरांनी बंद केलंय, त्यांचं कौतुकही होतं, पण त्यांच्याकडून लोक लवकर उठतात. माझ्या दिराला लोक लवकर उठायला नको होते.

कुठलंही कार्य असलं की घरची सगळी व्यवस्था माझ्याकडे. कोण कुठे बसणार, आचाऱ्याला काय लागणार, आहेराच्या साड्या कोणत्या कपाटात. बाटल्यांच्या पेट्या दिराच्या मागच्या खोलीत ठेवल्या होत्या. मागच्या लग्नात त्यातल्या काही परस्पर गायब झाल्या होत्या, म्हणून या वेळी खोलीला कुलूप लावायचं ठरलं. प्रश्न चावीचा होता.

दीर म्हणाला, "वयनी, चावी तुझे पोऱ्याकडं दे. तो पीत नाय. मोठ्या मानसांवर भरवसा टाकून मागचे टायमाला काय झालं, पायलंस ना?"

हे ऐकून मला बरं वाटलं. सगळ्या भावकीत भरवशाचा म्हणून माझाच मुलगा निघाला. त्याचं वय सोळा. आदल्याच रविवारी मी वर्गात उभी राहून आमच्या घरचा नियम सगळ्यांना सांगितला होता, की अठराच्या आतलं आमच्या घरातलं कोणी दारूच्या जवळ जाणार नाही. त्या नियमाखाली मुलाची सही होती, माझी होती, नवऱ्याची होती. चावी देताना तो नियम मला आठवलाच नाही. आठवला असता तरी, हे पिणं थोडंच आहे, ही तर जबाबदारी, असंच मी म्हटलं असतं.

मुलगा म्हणाला, "आई, दुसऱ्या कोणाला दे ना."

"दुसरं आहे कोण? तुझ्यावर विश्वास आहे म्हणून देतेय."

त्याने चावी घेतली. संध्याकाळभर मी येता-जाता त्याला त्या दारात पाहत होते. नव्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. पेट्या त्याने प्रकाराप्रमाणे लावून ठेवल्या होत्या आणि रिकामी बाटली आणून दिल्याशिवाय तो भरलेली देत नव्हता. मोठमोठी माणसं त्याच्यापुढे रिकाम्या बाटल्या घेऊन उभी होती. माझी नणंद म्हणाली, पोऱ्या आयशीवर गेलाय. मला हसू आलं, आनंदाचं.

मग एकदा पाहिलं तर दारात दीर उभा. मुलगा चावी त्याच्या हातात देऊन काही न सांगता निघून गेला होता. पंगती आवरेपर्यंत तो आला नाही. घरी आल्यावर मी त्याला चांगलंच बोलले. घेतलेलं काम अर्ध्यावर टाकायचं नसतं, चारचौघांत माझी मान खाली गेली, वगैरे. त्याने ऐकून घेतलं. मूल बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे मी शिकले होते. पण त्या दिवशी मी त्याला बोलायला जागाच दिली नाही.

पुढच्या रविवारी ती साताऱ्याची बाई आली नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी नेहमीच्या आवाजात फोन लावला. म्हटलं, सगळ्या घरांनी असं केलं तर एवढ्या लोकांची मेहनत वाया जाईल, आणि गरज तुम्हाला आहे की आम्हाला? हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलं होतं आणि ते बहुतेक वेळा लागू पडायचं.

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमच्या पोराला विचारा." आणि फोन ठेवला.

मी घरी गेले आणि विचारलं. त्याने मान खाली घालून पण सरळ सांगितलं. रविवारच्या वर्गातल्या सगळ्या घरांना मीच हळदीला जेवायला बोलावलं होतं. तिचा मुलगा आला. तो दाराशी येऊन चेष्टेत म्हणाला, शेठ, एक आम्हालाही. माझा मुलगा नाही म्हणाला. रविवारी शिकवलं होतं तसंच, आवाज न चढवता. शेजारी दिराचा एक मित्र उभा होता. तो म्हणाला, "अरे, पावना हाय तो. हलदीचे घरात पावन्याला नाय बोलतात काय? आयशीनं तुला उभा कनाला केलाय मंग?" बाजूचे हसले. मुलगा म्हणाला, मी तुला शोधलं, पण तू बायकांच्या पंगतीत वाढत होतीस. आणि त्याने बाटली दिली.

तिच्या मुलाने मांडवामागे जाऊन ती घाईघाईने संपवली. उलट्या व्हायला लागल्या तेव्हा माझा मुलगा खोलीला कुलूप लावून, चावी काकाला देऊन त्याला रिक्षाने घरी घेऊन गेला. त्याच्या आईला त्याने सगळं सांगितलं. बाटली कोणी दिली, हेही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडत होतीस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी तिच्याकडे गेले. जाताना काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं होतं: आधी माफी, मग हे कसं घडलं ते, मग रविवारी येत राहा ही विनंती. तिने दार उघडलं, बसा म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मुलगा घरात नव्हता, बरं झालं. त्याच्याकडे बघायला मला जमलं नसतं. चहा समोर आला तेव्हा माझं लावून ठेवलेलं काहीच जागेवर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, चुकलं माझं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. मी ऐकून घेतलं असतं, पाया पडले असते.

ती म्हणाली, "ह्याच्या बापाला पहिला ग्लास कुणी दिला, ते मला कधी कळलंच नाही. सासूला विचारलं, दिरांना विचारलं. कुणाला आठवत नव्हतं. आता वाटतं, तोही असाच असंल. कुठल्यातरी चांगल्या घरात, जेवायला बोलवून."

तिने चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

"तुमच्या पोराला काही बोलू नका," ती म्हणाली. "त्यानं आणून सोडलं. लपवलं नाही."

मी त्याला आधीच बोलून झाले होते, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग तिने विचारलं, पुढं काय करायचं असतं? तुमच्या वर्गात नियम सांगतात, नाही म्हणायला शिकवतात, पण घेऊन झाल्यावर काय? आमचा सगळा कार्यक्रम पहिल्या ग्लासाच्या आधीचा होता, आणि तिच्या मुलाचं ते ‘आधी’ माझ्या दिराच्या मांडवामागे संपलं होतं. मी म्हटलं, मॅडमना विचारून सांगते. परीक्षेच्या निकालाबद्दल विचारायला आलेल्या पालकांना मी असंच सांगते.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी तिच्या मुलासाठी समुपदेशक बघून दिला, ते काम त्यांनी त्याच दिवशी केलं. पण त्याआधी फोनवर त्यांचा आवाज बदललेला मला कळला. त्या म्हणाल्या, "हे फार महत्त्वाचं आहे. मुलांना दारू कुठून मिळते याचे पर्याय आपण फॉर्ममध्ये दिलेत: दुकान, मित्र, घर. सांभाळायला म्हणून मिळते, हा पर्यायच नाही आपल्याकडे." नाव न घालता हे लिहू का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांचं कामच ते. पण माझ्या घराचा आता कुठल्यातरी अहवालात एक परिच्छेद झाला असणार, आणि तो वाचून कोणीतरी दुसऱ्या गावात शहाणं होईल, या विचाराने मला काही हलकं वाटलं नाही.

ती बाई रविवारी परत यायला लागली. मुलगाही येतो. आम्ही एकमेकींना नमस्कार करतो. तिने त्याला माझ्या घरी मात्र पुन्हा पाठवलं नाही. दोघं मित्र आमच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर उभे राहून गप्पा मारतात, मी वरून बघते. वर ये, असं त्याला म्हणायला माझी जीभ उचलत नाही. त्याने पुन्हा कधी घेतली का, मला माहीत नाही. ते विचारायचा हक्क माझा नाही.

उन्हाळ्यात दिराच्या मुलाची हळद आली. मी दिराला सांगितलं, या वेळी बाटल्या नकोत. तो म्हणाला, "वयनी, युनिवर्सिटी आता आमचे हलदीचा मेनू पन ठरवनार काय? पोरीचे हलदीला ठेवली नि पोराचे हलदीला नाय, लोकं काय बोलतील?" नवरा माझ्या बाजूने बोलला, पण मोठ्या भावाने बोलावं तेवढं नाही, कडेकडेने. माझा मुलगा म्हणाला, मी सकाळी हळद लावून येईन, संध्याकाळी येणार नाही. मी हो म्हटलं.

संध्याकाळी मी मागच्या बाजूला गेले तर त्या खोलीच्या दारात माझ्या नणंदेचा मुलगा उभा होता. नववीतला. मी बघितल्याबरोबर तो ताठ झाला. त्याला वाटलं मी शाबासकी द्यायला आलेय. मी हात पुढे केला, तशी त्याने चावी दिली, पण तोंड पडलं त्याचं. माझं काय चुकलं, असं त्याने विचारलं. काही नाही, असं म्हणून मी त्याला जेवायला पाठवलं आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून दाराशी बसले.

पुरुष यायचे, मला बघून घुटमळायचे. काही तसेच परत गेले. काहींनी बाहेरून आणायला पोरं पाठवली, तेही मी बघितलं. मग दिराचे व्याही आले. वयस्कर माणूस, अदबीने म्हणाले, ताई, आमच्या पाहुण्यांसाठी दोन द्याल का? मुलीकडची माणसं. त्यांच्या हातात रिकामी बाटलीही नव्हती.

मी उठले, कुलूप काढलं आणि दिल्या.

घरी मुलगा जागा होता. त्याने विचारलं, दारात कोण होतं? मी म्हटलं, मी.

"मग दिल्यास?"

"दिल्या. पोरांना नाही दिल्या."

तो काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबले. या वेळी खरंच थांबले, मध्ये एक शब्द बोलले नाही. तो म्हणाला, "मला पण नाही म्हणता आलं नव्हतं." त्याने ते मला धीर द्यायला म्हटलं. मला त्याच्याकडे बघवेना.