खुराचा वास

पावसाळ्यात आमच्या घोडीच्या खुराला हमखास बुरशी लागायची. आर्णीच्या काळ्या चिखलात दिवसभर उभी राहिली, की खुराच्या खाचेतून कुजका वास यायचा. "आधी वास घे, मंग हात लाव," बाबा म्हणायचे. मी खाच कोरून धुवायची, फडक्यानं कोरडी करायची आणि मोरचूद लावलेला कापूस त्यात दाबून भरायची. तिच्याखाली अंथरलेलं सोयाबीनचं कुटार रोज बदलायची. माझ्याशिवाय ती कोणाला पाय देत नसे.

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी ती वणीच्या एका घोडीवाल्याला वरातीसाठी विकली. तो मेला काय तिचे पाय बघणार, म्हणून मी दोन दिवस जेवले नाही.

परवा वणीच्या एका लग्नात तीच घोडी मांडवाबाहेर दिसली. भरजरी साडीत मी तिथंच खाली बसले आणि तिच्या पायाला बोटं लावली. तिनं लगेच पाय उचलून दिला. मी नाक लावलं. खूर कोरडा होता, खाचेत मोरचुदाचा निळा डाग होता.

"वास नाही येत, बाई. मी रोज पायतो," घोडीवाला म्हणाला.

"बरं करता," म्हटलं. खोटं कशाला बोलू, थोडा तरी वास येईल या आशेनं मी पुन्हा नाक लावलं.