बाबांचा बादलीतला भात

बाबा गेले त्या दिवशी आत्याने त्यांचं शेत ओतून टाकलं.

आज वर्ष झालं, म्हणून सांगते.

शेत म्हणजे रंगाच्या रिकाम्या बादल्या. चिखलोलीत, चौथ्या मजल्यावर, गॅलरीत.

मी बाळंतपणाला माहेरी आले होते. बाबा नुकतेच आनंदनगरच्या कंपनीतून रिटायर झालेले. चिमीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "हिचं उष्टावण माझ्या हातच्या भाताने होणार."

"आधी कुकर लावायला शिका," आई म्हणाली.

"लावणार नाही. पिकवणार!"

आमचं गाव साताऱ्याकडचं, ज्वारीचं. भाताचं रोप बाबांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. तेवढ्यावर माणूस पेटला.

पहिल्यांदा त्यांनी डब्यातला कोलम पेरला. रोज सकाळी चष्मा लावून बादलीत बघायचे.
आंबट वास आला. बाकी काही आलं नाही.

आमच्या गेटवर भाजी विकणाऱ्या यमुनाबाई इथल्याच. हसून हसून खाली बसल्या.

"दादा, यो तांदूल. याचा जीव गिरनीन काढला. हा कसा उगवल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पदराच्या गाठीत टरफलासकटचे दाणे आणून दिले.

ते उगवले!

बाबांनी मला झोपेतून उठवलं. चिमीलाही. "बघा, बघा, हिरवं आहे!"
चिमी भोकाड पसरून रडत होती.
"आनंद झालाय तिला," बाबा म्हणाले.

भाताच्या मुळाशी पाणी उभं ठेवायचं. उभ्या पाण्यात डास. अळ्या तपासणाऱ्या ताई टॉर्च घेऊन दारात.

"काका, हे पाणी ओता."
"ताई, पाणी ओतलं तर माझा भात मरेल."
"आणि नाही ओतलं तर सोसायटीला डेंग्यू होईल."

त्याच दुपारी बाबा उल्हासनगरला, कॅम्प दोनला जाऊन गप्पी मासे घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, "साईं, मछली चावल के साथ खाते हैं. आप चावल में पालोगे?"

हा किस्सा लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवला गेला.

मासे अळ्या खात होते. रोपं वाढत होती. पुढच्या खेपेला ताईंनी टॉर्च बंद करून सेल्फी काढला.

मग लोंब्या आल्या. दसऱ्यानंतर वाकायला लागल्या. बाबा एखादा दाणा दाताखाली धरून बघायचे. "अजून थोडं!"

आणि एका सकाळी चहा पिता पिता गेले. हार्ट.

त्यांना नेलं आणि आत्या कामाला लागली. माणूस गेलं की घरात भरलेलं पाणी ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिने हंडा ओतला, फ्रिजमधल्या बाटल्या ओतल्या. मग गॅलरीत गेली.

मी धावले तोवर बादल्या आडव्या.

"आत्या, अगं भात!"
"कसला भात गं? पाणीच हाय की नुसतं."

फरशीवर मासे उडत होते.

आई उठली. लोणच्याची रिकामी बरणी नळाखाली भरली. चहाच्या गाळणीने एकेक मासा उचलून त्यात सोडला.

बाबांचा भात मेला, असंच मी धरून चालले. उष्टावणही गेलं.

संध्याकाळी यमुनाबाई भेटायला आल्या. गॅलरीत जाऊन चिखलासकट बादल्या उभ्या केल्या आणि लोंबी दाबून बघितली.

"पानी कोनी काढला?"

आत्या रडायलाच लागली.

"बरा केला, बाय. आता काढाचाच व्हता. पानी ऱ्हला त दाना पिकत नाय."

आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. बाबांनाही नसणार. ते शेवटपर्यंत पाणी घालत राहिले असते.

भात पिकला. पिवळाधमक!

आईने किचनच्या कात्रीने कापला. पाटावर लाटणं फिरवून टरफलं काढली. वाटीभर तांदूळ निघाला. वाटीभर!

वर्षभर घरात शुभकार्य करायचं नव्हतं. आत्याच म्हणाली, "करा. त्याचं ऱ्हायलंय."

केलं. चिमीने पहिला घास थुंकला. दुसरा गिळला. तिसऱ्याला स्वतःहून तोंड उघडलं.

थोडे दाणे आईने बियाण्याला ठेवले होते. यंदा तिने पेरले.

आज लोंब्या वाकल्यात.

सकाळी गाळणीने मासे बरणीत काढले. मग बादल्या मीच आडव्या केल्या. आत्या व्हिडिओ कॉलवर होती. "सावकाश गं, मुळं हलतील." चिमी वाहत्या पाण्यात उभी राहून किंचाळत होती.

आनंद झालाय तिला.

बाबा, पाणी ओतलं. भात पिकतोय. यंदा दोन वाट्या नक्की.

तुम्हाला आम्हा सगळ्यांचा नमस्कार. बरणीतल्यांचाही.