पहिल्या आखाजीची घागर

मी ज्या यंत्रावर नोकरी करतो ते समुद्रात पाय रोवून उभं राहतं, हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटपर्यंत पटलं नाही. अमळनेरजवळच्या आमच्या गावात रिग म्हणजे बोअर मारणारी गाडी. धुरळा उडवत येते, पाणी लागो न लागो, निघून जाते. "समिंदरमा पाय रोवीसन उभी ऱ्हास? आम्हले येडं समजस का?" असं म्हणून ते ओट्यावरच्या मंडळींकडे बघत डोळे मिचकावायचे.

एकदा मी त्यांना सगळं समजावलं. आमच्या रिगला तीन पाय. ते वर उचललेले असले की ती जहाजासारखी तरंगते, टग बोटी तिला ओढत नेतात. जागेवर पोचलं की पाय खाली सोडून तळाच्या चिखलात टेकवायचे. पण लगेच विश्वास टाकायचा नाही. आधी टाक्यांत समुद्राचंच पाणी भरून वजन वाढवायचं, पाय रुतायचे तितके रुतू द्यायचे. मग ते पाणी सोडून द्यायचं आणि रिग लाटांच्या वर उचलायची. तेलासाठी ड्रिलिंग त्यानंतर. "नवी बाज अंगणात टाकली की तुम्ही आधी दणकन बसून बघता ना, तसं," मी म्हणालो.

आबा हसले. "आनि तुना पाय कोठे रुतनात?"



ते गेले आणि त्यांची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे गेलेल्या माणसाची पहिली घागर मुलानं भरायची. त्या पाण्यानं त्याची तहान भागते, असं आई मानते. मी असलं काही मानत नाही, पण तिला येतो म्हणालो होतो. नेमकी तेव्हाच, पावसाळ्याआधी, रिग हलवायची निघाली. ती पुन्हा पायांवर नीट उभी राहीपर्यंत हेलिकॉप्टर येत नाही, माणसं बदलत नाहीत. सणाआधी उभी राहील अशी सगळ्यांची खात्री होती. पण एक पाय रुततच गेला. पाणी सोडा, रिग सरळ करा, पुन्हा भरा. टाक्या भरायचं काम माझंच. त्या पायाला मी गावच्या शेलक्या शिव्या घातल्या. त्याला काय त्याचं!

आखाजीच्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, माहेरी आलेल्या बहिणीचा फोन आला. "भाऊ, घागर कोरडीच शे. काका भरस म्हनस, पन माय कोनलेच हात लावू देत नई. म्हनस, मना पोऱ्या येवाव शे."

"काकाला भरू दे, सांग तिला," मी म्हणालो. आई फोनवर आलीच नाही. मी परत गेलो आणि पंप चालू केले. समुद्र बदाबदा टाक्यांत पडू लागला.

घरी पोचलो तोवर सण उलटून गेला होता, बहीण सासरी परतली होती. घागर देवघरापाशी तशीच होती. तिच्यावर ठेवलेलं डांगर, म्हणजे खरबूज, सुरकुतलं होतं. मी ते खाली ठेवलं आणि घागर उचलून नळाकडे निघालो.

आई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. भिंतीला टेकून बसल्या बसल्या म्हणाली, "आते भरीसन काय करशी? त्यास्नी तहान ते तवय व्हती."

तहानबिहान मी मानत नाही. तरी घागर काठोकाठ भरली आणि तिच्याशेजारी बसून ढसाढसा रडलो.