काका आणि 'बंद गुऱ्हाळ'

आमच्या काकांशी एकमत झालेला माणूस मी तरी उभ्या कोल्हापुरात पाहिला नाही. काका म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. तुम्ही त्यांना म्हणालात, आज ऊन फार आहे, की ते खांद्यावरचं उपरणं गळ्याभोवती गुंडाळून घेत आणि म्हणत, "ऊन? मला हुडहुडी भरल्यागत वाटतंय की." तुम्ही शरण जाऊन "जरा गारवा आहे खरा" म्हणालात, की तेच उपरणं काढून त्यानं वारा घेत. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांनी जिलबीची तारीफ केली की यांना ती कडक लागे, आणि वधूपित्यानं हात जोडून जिलबी कडक झाल्याबद्दल माफी मागितली की हे त्याच्यावरच उखडत, "कोण म्हणतंय कडक? आणा अजून दोन." मावशीला पाहायला गेले तेव्हा यांच्या वडिलांनी मुलगी पसंत केली, म्हणून यांनी नापसंत केली. मग वडील म्हणाले, बरं, राहू दे, तर हे हट्टाला पेटले आणि त्याच मुलीशी लग्न करून मोकळे झाले. ही हकिकत खुद्द मावशी सांगायची, आणि ती सांगत असताना काका शेजारी बसून "असं काय झालंच न्हवतं" म्हणत राहायचे.

काकांची गुळाच्या पेठेत अडत होती. शेतकऱ्यानं ढेपा आणल्या की काका एक ढेप फोडत, खडा नाकाशी नेत, डोळे मिटून बराच वेळ बसून राहत आणि मग तो खडा शेतकऱ्याच्याच हातात देत. "पावणं, तुम्हीच सांगा, वास कसा हाय. माझ्या तोंडनं नगं." शेतकरी बिचारा आपल्याच गुळाचं वर्णन करायला लागे, करता करता कुठंतरी अडखळे, आणि काका त्याला नेमकं तिथं पकडत. पेठेत याला काकांचा डाव म्हणत आणि भलेभले त्या डावाला वचकून असत. काकांची दुसरी खूण म्हणजे अत्तर. लोक हिना थेंबभर लावतात, काका आंघोळ केल्यासारखी लावत आणि वर मावशीला विचारत, "कमी न्हाई न्हवं झालं?" ते गल्लीच्या तोंडाशी आले की मावशी इकडे चहाचं आधण ठेवी, कारण वर्दी अत्तरानं आधीच दिलेली असे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे दिवस बुडायच्या आत जेवण. आमच्या जैन घरांत हे बरेच जण पाळत, पण काकांचा कटाक्ष काही औरच होता. दारात व्याही आलेले असोत की पेठेत मोसम ऐन भरात असो, उन्हं उतरली की काका ताटावर. सूर्य सोडला तर या माणसानं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, असं माझे वडील म्हणायचे.

मी तेव्हा राजारामपुरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. त्या काळी कोल्हापुरात सिनेमाचं वेड घरटी एकाला तरी असे, आम्हा चार मित्रांना ते जरा जास्तच होतं. तीन वर्षं शाळेच्या सुट्ट्या गाठून, उसनवारीच्या कॅमेऱ्यावर, गडमुडशिंगीच्या एका मोडक्या गुऱ्हाळात आम्ही चित्रपट काढला. नाव ठेवलं 'बंद गुऱ्हाळ'. चित्रपट भुताचा होता, फक्त त्यात भूत नव्हतं. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या गुऱ्हाळाशेजारी एक कुटुंब राहायला येतं आणि रोज संध्याकाळी त्यांना गूळ शिजल्याचा वास येतो. चुलाण थंड, रस आटवायची काहील गंजलेली, तरी वास. माणसं बोलता बोलता थांबतात, नाक वर करतात, एकमेकांकडे बघतात. बस, दोन तास हेच. शेवटी घरातली धाकटी मुलगी काकवी आणायला वाटी घेऊन गुऱ्हाळाच्या दारात जाते, आणि पडद्यावर उरते ती उंबऱ्यावर ठेवलेली वाटी. ती भरलेली आहे की रिकामी, हे आम्ही दाखवलं नव्हतं. आम्हाला ते फार खोल वाटत होतं.

चित्रपटगृहाच्या मॅनेजरला तसं काही वाटत नव्हतं. शुक्रवारी चित्रपट लावतानाच तो म्हणाला, "बुधवारपत्तुर बघतो. माणसं आली तर दुसरा आठवडा, न्हाईतर गुरुवारच्या खेळानंतर रिळांची पेटी उचला." दुसरं कुठलंही चित्रपटगृह आम्हाला दारात उभं करणार नव्हतं. पेटी उचलली म्हणजे ती सरळ माळ्यावर जाणार, आणि आमची तीन वर्षं तिच्यात बंद होणार. वडिलांनी तर, हा उतरला की पुन्हा घरात सिनेमाचं नाव काढायचं नाही, असं बजावूनच ठेवलं होतं. मी काकांना बोलवायला गेलो. म्हटलं, "काका, यात भूत दिसत नाही. तुम्हाला आवडेल असं वाटत नाही." काका म्हणाले, "मला काय आवडतं ते आता तू सांगणार? येतो की." काकांना कसं बोलवायचं हे आमच्या घरात लहानपणीच शिकवलेलं असे.

पहिला खेळ दुपारी तीनचा. अर्धा तास लोकांनी सबुरीनं काढला. मग पुढच्या बाकड्यांवरून आवाज आला, "आता भूत सोडा की राव." त्यावर दुसरा ओरडला, "भूत न्हाई यायचं. ते बिद्रीला साखर कारखान्यात लागलंय, गुळाचा धंदा सोडला त्येनं." सगळं थिएटर हसलं आणि मी खुर्चीत खाली खाली सरकत गेलो. पण हशा ओसरतोय तोवर वर बाल्कनीत एक बाई नाकाला पदर लावून उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला घरला. मला वास यायला लागलाय." नवरा उठला, तो चेष्टा न करता उठला. खेळ सुटल्यावर मी दारात उभा राहून ऐकत होतो. एक जण म्हणत होता, "दोन तास नुसती माणसांची नाकं दाखवली." त्याचाच सोबती म्हणत होता, "तू मला घरापत्तुर सोडायला ये." निम्मे लोक चिडलेले आणि निम्मे गप्प. काका कुठं दिसेनात म्हणून आत डोकावलो, तर रिकाम्या थिएटरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर ते एकटेच बसले होते. डोअरकीपरनं हाक मारल्यावर उठले आणि माझ्या समोरून एक शब्दही न बोलता निघून गेले. काका आणि मत नाही, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. विरोध करण्याच्यासुद्धा लायकीचा चित्रपट नाही, असंच मी धरून चाललो आणि रात्री जेवलो नाही.

शनिवारी डोअरकीपर म्हणाला, "तुमचं काका आल्यात." रविवारीही आले, सोमवारीही आले. रोज तीनचा खेळ, तीच कोपऱ्यातली खुर्ची. संक्रांतीच्या आसपासचे लहान दिवस. खेळ संपवून, रिकाम्या खुर्च्यांत पुढच्या खेळाची माणसं येईपर्यंत बसून ते बाहेर पडत तोवर दिवस बुडालेला असे, म्हणजे जेवण चुकलेलं. मग घरी तरी कशाला जायचं म्हणून काका थेट गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जात. तिथं म्हशी ओळीनं बांधलेल्या असत, समोर धार काढून फेसाळ दूध हातात देत आणि ते पिता पिता गावच्या सगळ्या विषयांचा निकाल लागे. दिवस बुडाल्यामुळे काका दूधही पीत नसत. दूध न पिता दूधकट्ट्यावर नुसतं भांडायला येणारा कोल्हापुरातला हा एकमेव माणूस असावा.

एका संध्याकाळी मी स्वतः तिथं होतो. तालमीतला एक दांडगा पैलवान ग्लास तोंडाला लावता लावता म्हणाला, "काका, भूतच न्हाई त्या पिक्चरमध्ये. सरळ फसवणूक हाय."

"भूत दिसलं असतं तर तू त्याला धोबीपछाड घातला असतास," काका म्हणाले. "दिसत न्हाई म्हणून तर भ्यायचं, गड्या."

हे ऐकून बँकेतल्या एका गृहस्थांना भरून आलं. ते म्हणाले, "अगदी माझ्या मनातलं बोललात. अप्रतिम चित्रपट आहे."

काका तिथल्या तिथं त्यांच्याकडे वळले. "कसला अप्रतिम? नाक वर करून हिंडणारी माणसं दोन तास बघितलासा, आणि वर अप्रतिम?"

वाटीचंही तेच. वाटी भरलेली होती म्हणणाऱ्याला काका ती रिकामी असल्याचं पटवत आणि रिकामी म्हणणाऱ्याला काठावरून ओघळणारी काकवी दाखवून देत. बघता बघता दूधकट्ट्यावर भरलेले आणि रिकामे असे दोन तट पडले. त्यांची भांडणं तिथून न्हाव्याच्या दुकानात, मिसळीच्या गाड्यावर आणि तालमीच्या हौद्यात पोहोचली. काकांना एकदा तरी खोटं पाडायचं ही निम्म्या गावाची जुनी इच्छा होती आणि ती पुरी करायला वाटी नीट बघणं भाग होतं. लोक घोळक्यानं थिएटरात यायला लागले. पैलवान आपल्या चार जोडीदारांना घेऊन पुन्हा आला, आणि त्या दिवसापासून तालमीतला दिवा मालवू देईना. बुधवारी मॅनेजरनं मला आत बोलावून चहा पाजला. "दुसरा आठवडा दिला," तो म्हणाला. "मला तुमचं पिक्चर काय कळलेलं न्हाई. पर जाता जाता तेवढं सांगा, वाटीत काय हाय?"

गुरुवारी दुपारी पेढे घेऊन मी काकांच्या घरी गेलो. काका घरात नव्हते, तीनच्या खेळाला गेले होते. मावशी पाटावर बसून तांदूळ निवडत होती. मी पेढे तिच्यापुढे ठेवले आणि मनात साठलेलं सगळं बोलून टाकलं. म्हटलं, "मावशी, काकांनी माझ्यासाठी आठवडाभर पेठ सोडली, जेवण सोडलं, गावाशी भांडण घेतलं. माझा चित्रपट त्यांनी वाचवला. त्यांचे उपकार मी कसे फेडू?"

मावशीनं सूप खाली ठेवलं. "तुझ्यासाठी न्हाई रे बाळ," ती म्हणाली. "तुला वाईट वाटंल, पर तुझ्यासाठी न्हाई. त्यांना वास येत न्हाई."

"वास येत नाही? काकांना?"

"लई वर्षं झाली. विषमज्वर झालता बघ, तू लहान होतास. ताप गेला, त्याबरूबर वास गेला. फुलाचा न्हाई, फोडणीचा न्हाई, कशाचा न्हाई. पेठेत कळलं असतं तर ढेप कोण दाखवणार त्यांना? म्हणून कुणाला बोललो न्हाई आम्ही. तुझं पिक्चर बघून पहिल्या दिवशी घरात आले आणि तसंच चुलीपाशी येऊन हुबं ऱ्हायले. म्हणाले, थेटरात गूळ शिजत हुता. लेकरागत रडले रे."

"आणि मग?"

"दुसऱ्या दिवशी आला म्हणाले, पर जरा कमी. तिसऱ्या दिवशी कुठं आला, कुठं न्हाई. त्यानंतर न्हाईच आला. तरी जात्यात रोज. म्हणत्यात, आज ईल."

तो डोळे मिटून नाकाशी धरलेला खडा, ते शेतकऱ्याला बोलतं करणं, ते बेसुमार अत्तर आणि "कमी न्हाई न्हवं झालं?" हा रोजचा प्रश्न, सगळं माझ्यासमोरून गेलं. त्या दिवशी काका खुर्चीत न रेंगाळता, दिवस बुडायच्या आत घरी आले. पेढे बघून म्हणाले, "त्या भिकार पिक्चरला दुसरा आठवडा दिला? मॅनेजरला जरा अक्कल द्यावी देवानं." मग एक पेढा उचलला, सवयीनं नाकाशी नेला आणि तोंडात टाकला. मी वाकून त्यांना नमस्कार केला. "उठ, उठ," ते म्हणाले, "पिक्चर वाईटच हाय."

'बंद गुऱ्हाळ' तीन आठवडे चालला. त्याच्या जोरावर मी पुढं आणखी दोन चित्रपट काढले. ते आता माझ्याशिवाय कुणाला आठवत नाहीत, आणि 'बंद गुऱ्हाळ'ची प्रतही कधीच खराब होऊन गेली. तरी अजून एखादा म्हातारा रस्त्यात गाठून वाटीचं विचारतो, आणि मला त्या आठवड्याची आठवण येऊन काकांविषयी मन भरून येतं. त्यांनी ते माझ्यासाठी केलं नव्हतं, हे कळल्यापासून तर जास्तच. माझ्या हातून आयुष्यात एका माणसाला त्याची हरवलेली गोष्ट दोन-तीन दिवस परत मिळाली, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

काका गेले त्या आधीचा हिवाळा. अडत केव्हाच बंद झाली होती, ते अंथरुणाला खिळले होते. गडमुडशिंगीच्या एका गुऱ्हाळातून मी ताजी काकवी आणली, मावशीनं ती वाटीत काढून दिली. काकांनी वाटी दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले. मग वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच सांग, वास कसा हाय."

मी सांगायला लागलो. आधी रसाचा कोवळा, हिरवट वास येतो, म्हटलं. मग चुलाणातल्या चिपाडाचा धूर त्यात मिसळतो. मळी काढली की तो वास स्वच्छ होतो, आणि काहील उतरायच्या बेताला येते तेव्हा तो असा दाट होतो की अंगावरच्या कपड्यांत शिरतो आणि घरी गेलं तरी जात नाही. मी कुठं अडखळतो आणि काका कुठं पकडतात, याची वाट बघत मी सांगत होतो.

काकांनी डोळे उघडले नाहीत. "व्हय," ते म्हणाले. "तसाच हुता."

मावशी दारात उभी होती. काकांच्या तोंडून हा शब्द तिनंही पहिल्यांदाच ऐकला.