सातवी ‘ब’च्या बादल्या

माझ्या बायकोची नोकरी कायम होणार की नाही हे ज्या तासाला ठरणार होतं, त्या तासाला मी तिच्या शाळेच्या गेटवर जमाव जमवला.

मेधा नेरूळच्या एका शाळेत सातवीला शिकवते. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसून तिचा एक पाठ पाहणार आणि मग शेरा देणार होत्या. विषय होता, जगातली कोणती मुलं शाळेत पोहोचतात, कोणती पोहोचत नाहीत, आणि का. आठवडाभर तिला धड झोप नव्हती. मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. संध्याकाळी कामावर जातो आणि दिवसभर घरी सल्ले देतो.

“आकडे सांगितलेस तर मुलं जांभया देतील,” मी म्हटलं. “त्यांना अनुभव दे.”

“तू फक्त टेन्शन वाढवू नकोस,” ती म्हणाली. पण दुसरी कल्पना तिच्याकडे नव्हती. त्यामुळे माझी मंजूर झाली.

प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी. काहींच्या चिठ्ठीत शाळा, काहींच्या चिठ्ठीत धाकटं भावंड (म्हणजे बाळ समजून कडेवर दप्तर), काहींच्या चिठ्ठीत पाणी. पाणीवाल्यांनी मैदानातल्या नळावर बादल्या भरून कोपऱ्यातल्या पिंपात ओतायच्या आणि पिंप भरलं की वर्गात यायचं. देखरेखीला मी. मुलं खट्टू होतील असा माझा अंदाज होता. पाणीवाले आरोळ्या ठोकत बाहेर पळाले; शाळा मिळालेल्यांचे चेहरे पडले!

मैदानासमोरच आमची सोसायटी. दुसऱ्या मजल्यावरच्या सावंत काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांना आपला नातू आर्य बादली ओढताना दिसला. त्यांनी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: शाळेत मुलांकडून पाणी भरून घेतात. पुढच्या मेसेजमध्ये ती फी थकलेली मुलं झाली. त्यापुढच्यात शाळेचं पाणीच तोडलं गेलं. (आमच्याकडे पेपरात बातमीला दुजोरा लागतो. ग्रुपवर मेसेज पुढे पाठवणं हाच दुजोरा.)

थोड्याच वेळात गेटवर पालक. एक वडील तर महापेच्या ऑफिसातून गळ्यातल्या आयकार्डासकट आले. वर्गाच्या खिडकीत मेधा दिसली. ती शिकवत होती, पण बघत गेटकडे होती. मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या होत्या. परिस्थिती हाताळायला मी पुढे झालो.

“तुम्ही कोण?” आयकार्डवाल्यांनी विचारलं.

“मी पेपरात आहे.”

उत्तर खरं होतं आणि चुकीचं होतं. मीडिया आल्याची वार्ता मागेपर्यंत गेली आणि माझ्यासमोर रांग लागली. एकांना स्कूलबसबद्दल बोलायचं होतं, एकींना कॅन्टीनच्या समोशाबद्दल. मी टिपून घेऊ लागलो. (सवय.)

तेवढ्यात सावंत काकू पोहोचल्या. “कसले पेपरवाले? हे आमच्या बी विंगचे. मेधाचे मिस्टर.”

रांगेतले सगळे माझ्याकडे नव्याने पाहू लागले. नेमक्या त्याच वेळी मेधा आणि मुख्याध्यापिका बाहेर आल्या. मेधाने माझ्याकडे पाहिलंही नाही, हे जास्त गंभीर होतं.

काकूंनी आर्यच्या बादलीची कडी धरली. “चल घरी.”

“आजी, सोड ना. पिंप भरल्याशिवाय मला आत घेणार नाहीत. वर्गातले सगळे हसतायत मगाचपासून, आत काय चाललंय तेच कळत नाहीये.”

काकूंनी कडी सोडली नाही. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. “मला चौथीतनं काढली ती ह्याच्यासाठीच,” त्या म्हणाल्या. “भाऊ पुढं शिकला, मी पाणी भरलं. आता नातवाचंबी तेच बघायचं का?”

आयकार्डवाल्यांनी वर धरलेला फोन खाली घेतला.

मेधा पुढे झाली. “काकू, हे आत येऊन सांगाल? मुलांना हेच शिकवायचं होतं.”

काकू बादलीसकट वर्गात गेल्या. विहीर किती लांब होती, शाळेची घंटा तिथपर्यंत कशी ऐकू यायची, हे त्या सांगत राहिल्या आणि पालक खिडक्यांशी उभे राहून ऐकत राहिले. एकही जांभई आली नाही, असं मला नंतर कळलं. मी मैदानात पिंप भरत होतो.

मेधा कायम झाली. हा पाठ दरवर्षी व्हावा, काकूंना आवर्जून बोलवावं, असा शेरा मिळाला. माझ्याविषयी मुख्याध्यापिकांनी तोंडीच सांगितलं, “मिस्टरांना पुन्हा तसदी नको.”

मजकूर ठेवायचा आणि लेखकाचं नाव काढायचं, हे काम मी पेपरात वर्षानुवर्षं करतो. माझ्यावर कुणी केलेलं पहिल्यांदाच पाहिलं. संपादन निर्दोष होतं.