पाटलांचा 'ला' आणि साहेबांची खुर्ची

वेचणीच्या दिवसांत घरात कापूस कसा शिरतो, ते वऱ्हाडातील माणसाला सांगावयास नको. आधी एक कोपरा, मग ओसरी, मग देवघराचा उंबरठा. आणि एके सकाळी यजमानालाच स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या दुकानातील किश्श्यांचे माझ्या डोक्यात नेमके तेच झाले आहे. एक ओढावा, तर त्याला चिकटून चार बाहेर येतात. तेव्हा मंडळी, आज थोडी जागा मोकळी करतो.

काळ अमेरिकेतील लढाईचा आणि तिच्यामागून आलेल्या एक-दोन वर्षांचा. तिकडे लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या जमिनीकडे सगळ्या जगाचे लक्ष गेले. अमरावतीच्या कापूस बाजारात दाजिबांचे अडतीचे दुकान होते. तेथे पत्रे लिहिणे आणि मुंबईचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविणे हे काम माझ्याकडे असे. रोजची बैठक आम्हा चौघांची: मालक दाजिबा, मापारी बशीरमियाँ, मी, आणि नांदगाव खंडेश्वराजवळच्या एका खेड्याचे संपतराव पाटील. पाटलांचा सगळा कापूस आमच्याकडे येई, आणि कापूस नसला तरी पाटील येत.

चांगले दिवस आले की माणसाला ताठा येतो, हे मी समजू शकतो. परंतु आमच्या मंडळींचा ताठा मोठ्या गोष्टींचा नव्हताच. तो असे अगदी बारीकसारीक गोष्टींचा!

* * *

आरंभ स्वतःपासून करणे न्याय्य होईल. मी शाळेत गेलो नाही. वाण्याच्या पुड्यांना गुंडाळून येणारे छापील कागद सरळ करून मी अक्षर शिकलो, आणि म्हणूनच अशुद्ध अक्षर मला खपत नसे. एकदा माझ्या सासऱ्यांचे बाळबोध लिपीतील पत्र आले. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चौदा चुका होत्या. मी त्या तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आणि पत्र आदरपूर्वक परत पाठविले.

त्यानंतर दोन वर्षे सासुरवाडीहून पत्र आले नाही. निरोप असला, तर माणूस येई आणि दारातूनच म्हणे, "तोंडी सांगून राहिलो बापा. लिहून काई आनलं नाई!"

* * *

दाजिबांचा अभिमान बोटांत होता. चिमूटभर कापूस अंगठा आणि तर्जनी यांत धरून ते धागा ओढीत आणि डोळे मिटून गाव सांगत. "हा परतवाड्याकडचा." "हा नदीकाठचा, दुसऱ्या वेच्याचा." अन्य अडत्ये डोळे उघडे ठेवून पाहतात, याची त्यांना मनापासून कीव येई.

एके दिवशी बशीरमियाँनी एक चिमूट आणून त्यांच्या हातावर ठेवली. दाजिबांनी धागा ओढला, डोळे मिटले, मान डोलविली.

"अव्वल माल! पहिला वेचा. मालक मोठा जपनारा मानूस दिसते. कोनाचा आहे?"

"आपही का है," मियाँ अदबीने म्हणाले. "जिस गादी पर बैठे हैं न आप, उसी में से निकाला."

दाजिबांनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

"मंग? मी काय चुकीचं सांगून राहिलो?"

* * *

आगगाडी तेव्हा नुकतीच आली होती. अकोल्याला स्टेशन गावाशीच झाले. आम्हा अमरावतीकरांना मात्र गाडीसाठी बडनेऱ्यापर्यंत बैलगाडीने जावे लागे. अकोल्याचा एक दलाल दुकानात आला की पाणी पिण्याआधी ही गोष्ट काढी.

"आमच्या अकोल्यात गाडी दारात येऊन थांबते, दाजिबा! अन् तुमी? तीन कोस धूळ खात जा!"

हे आठव्यांदा ऐकल्यावर दाजिबा शांतपणे म्हणाले, "दारात कोनी बी येऊन थांबते. मोठा पाहुना असला, तर त्याले सामोरं गावाबाहेर जा लागते. आमी जातो!"

त्या दिवशी दलाल पाणी न पिताच गेला.

* * *

बशीरमियाँचे आजोबा हैदराबादेहून आलेले. त्यामुळे अमरावतीच्या बाजारातील उर्दूला मियाँ उर्दू म्हणत नसत. "शोर है, मियाँ, शोर!" असे म्हणत. त्यांची स्वतःची भाषा अशी की, काट्यावर चढणाऱ्या गाठोड्यालाही ते एखाद दिवशी 'तशरीफ रखिए' म्हणतील, अशी आम्हांला भीती वाटे.

एकदा असेच एक ओले, जड गाठोडे काट्यावरून घसरले आणि नेमके त्यांच्या पायावर पडले. मियाँ केवढ्याने तरी ओरडले,

"मेलो वो माय!"

बाजार थांबला. दाजिबांनी गादीवरूनच विचारले, "मियाँ, हे हैदराबादेत कोन्त्या मोहल्ल्यात बोलतात?"

मियाँ पाऊल दोन्ही हातांनी धरून बसले होते. म्हणाले, "दर्द की बात अलग है, दाजिबा. दादा हैदराबाद के थे. माँ तो परतवाडे की थी!"

* * *

आता पाटलांकडे वळतो. कारण त्या वर्षी आमच्या दुकानाला एकच ध्यास होता: संपतराव पाटलांना साहेबांच्या दरबारात खुर्ची मिळावी!

प्रकार असा असे. हिवाळ्यात डेप्युटी कमिशनर साहेब अमरावतीच्या कचेरीसमोर मांडव घालून दरबार भरवीत. ज्यांची नावे यादीत, त्यांना पुढे खुर्ची. बाकी सर्व दोरीच्या पलीकडे उभे. पाटलांच्याच गावच्या देशमुखांना जुनी खुर्ची होती आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय त्यांचे जेवण पचत नसे. पाटलांनी हौसेने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसविल्या, तेव्हा देशमुख चारचौघांत म्हणाले होते, "आमच्या बैलाइची शिंगं मुळातच देखनी. झाकाव नाई लागत!"

परंतु यादी होती कचेरीतील मुख्य कारकुनाच्या, म्हणजे शिरस्तेदारांच्या हाती. ते पुण्याकडचे. पाटील अर्ज घेऊन गेले, दोन शब्द बोलले, आणि शिरस्तेदार शेजारच्या कारकुनाला पाटलांच्या समक्ष म्हणाले, "ज्यांना साधे 'मला' म्हणता येत नाही, त्यांनी खुर्ची घेऊन करायचे काय?"

पाटील दुकानात आले आणि पागोटे काढून मांडीवर ठेवून बसले. दाजिबा म्हणाले, "जाऊ द्या ना, पाटील. खुर्चीत काय ठेवलं आहे? घरी गादी नाई का तुमच्या?"

"दाजिबा," पाटील म्हणाले, "माहा बाप याच कचेरीच्या ओट्यावर जोडे हातात धरून उभा राह्यला. सकाळपासून तं दिवस बुडेपावेतो. कोनी त्याले 'बस' म्हनलं नाई. मले बसासाठी नाई पाह्यजे खुर्ची. कोनी 'बस' म्हनाव, म्हनून पाह्यजे."

मग पाटील माझ्याकडे वळले. शाळेत न गेलेल्या मला सगळा बाजार मास्तरच म्हणे. "मास्तर, तो 'ला' शिकवा मले."

* * *

आयुष्यात मी एकच चूक केली असे म्हणणार नाही. परंतु त्या दिवशी केली, ती मोठी होती. घाईत मी नियम सांगितला: "पाटील, जेथे 'ले' येईल, तेथे 'ला' म्हणावे."

पाटलांनी नियम शिरोधार्य मानला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवरूनच त्यांचा आवाज आला:

"रामराम! काल घरी पाहुणे आला, जेवला, झोपला अन् आज सकाळी गेला!"

"कितीक पाहुने?" दाजिबांनी विचारले.

"अकरा!"

मी त्यांना बसविले. चतुर्थी विभक्ती, क्रियापद, अनेकवचन, सर्व क्रमाने समजावले. दुपार झाली. पाटील घामाघूम झाले.

"मास्तर, म्हंजे कोन्ता 'ले' पापी अन् कोन्ता पुन्यवान, हे मले दिसाव कसं?"

काटा पुसता पुसता बशीरमियाँ म्हणाले, "पाटील, जहाँ 'को' बैठता है, वहाँ 'ला' बिठाओ. 'मले' म्हंजे 'मुझ को', लावा 'ला'. 'बसाले' म्हंजे 'बैठने को', लावा 'ला'. अब 'पाहुणे आले', इसमें 'को' किधर है? राहू द्या त्याले!"

पाटलांचा चेहरा उजळला. त्यानंतर ते क्वचितच चुकले.

ही रीत शास्त्रीय नव्हे, हे माझे मत मी आजही सोडलेले नाही.

* * *

सराव घरी करावा, असे मीच सुचविले. पाटील एके दिवशी शेतातून आले, हातपाय धुतले आणि अंगणातून गंभीर आवाजात म्हणाले, "मला जेवायला वाढा."

आत भांड्यांचा आवाज थांबला. पाटलीणबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला, मागच्या दाराशी गेल्या आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, "पाह्य वो बाई, कोन पाहुने आले अंगनात! आमच्यावाले घरी नाईत म्हनाव, सांजच्याले या!"

हे आम्हांला स्वतः पाटलांनी सांगितले. वर म्हणाले, "मास्तर, बोली जमली म्हनायची. घरचीनं ओळखलं नाई!"

* * *

बोली झाली, राहिले बसणे. दाजिबांच्या दुकानात एक खुर्ची होती. कापूस पाहायला येणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्यासाठी ती ठेवलेली. एरवी तिच्यावर कोणी बसत नसे; दाजिबा रोज तिच्यावरची धूळ मात्र स्वतः झटकीत. पाटलांसाठी त्यांनी ती देऊ केली.

पाटील चालत्या गाडीत बसावे तसे खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले. पाव घटकेत पायांना मुंग्या आल्या. उठताना बशीरमियाँनी धरले म्हणून बरे.

"मास्तर," पाटील कळवळून म्हणाले, "नुसतं बसाले... बसायला एवढी मेहनत पडते, तं हे साहेब लोक काम कधी करत असतील हो?"

* * *

दरबाराचा दिवस आला. पाटील आदल्या आठवड्यात शिरस्तेदारांना पुन्हा भेटून आले होते, आणि या वेळी एकाही शब्दात चुकले नव्हते. शिरस्तेदार ऐकून घेऊन एवढेच म्हणाले होते, "पाहू."

यादी वाचली गेली. देशमुखांचे नाव आले, इतर बारा-पंधरा नावे आली. पाटलांचे नाव आले नाही.

पाटील आमच्याबरोबर दोरीमागे उभे राहिले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बशीरमियाँ, मागे दाजिबा. पाटलांनी पायांतले जोडे काढले, हातात घेतले, काय मनात आले कोण जाणे, आणि पुन्हा पायांत घातले.

साहेब त्या हिवाळ्यात नवेच आलेले. खुर्च्यांची ओळ संपवून ते दोरीपाशी आले, आणि त्यांची दृष्टी पाटलांच्या नव्या पागोट्यावर पडली. साहेब थांबले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"काहून वो पाटील, उभे काहून? तुमाले बसाले खुर्ची नाई भेटली?"

साहेब पूर्वी कित्येक वर्षे सेमाडोहाकडच्या जंगलात होते, आणि त्यांनी मराठी घेतली ती घोड्याच्या मोतद्दाराकडून व वाटाड्यांकडून, हे आम्हांला मागाहून कळले. त्या क्षणी देशमुखांनी रुमाल तोंडाशी धरला. शिरस्तेदार जमिनीकडे पाहू लागले.

पाटलांनी केवळ 'नाही, साहेब' म्हटले असते, तरी काम झाले असते. मी कानाशी लागून म्हणालोसुद्धा, "नाही म्हणा, पाटील."

पाटलांनी हात जोडले.

"साहेब, राग नसावा. 'बसाले' नाही; 'बसायला'. 'तुमाले' नाही; 'तुम्हाला'. तुम्ही मोठे आहात, तोंडावर कोणी सांगणार नाही. पण मागून लोक हसतात. मला हसले आहेत."

"या अल्लाह," बशीरमियाँ पुटपुटले, "गई कुर्सी!"

साहेबांनी पाटलांच्या ओठांकडे पाहत शब्द तोंडात घोळविला.

"बसायला," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला." मग थोडे पुढे वाकून विचारते झाले, "अन् 'काहून'ले काय म्हना लागते?"

"'का', साहेब."

"एवढंसंच?"

"एवढेच."

साहेब वळले. मान ताठ करून, प्रत्येक अक्षरावर पाय देत, त्यांनी विचारले,

"शिरस्तेदार, पाटलांना बसायला खुर्ची का नाही?"

शिरस्तेदार ताडकन उठले. हातातील यादी खाली पडली, उपरणे खुर्चीत अडकले, आणि त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडले,

"आणून राहिलो, साहेब!"