वाकळीचं मधलं घर

आमच्याकडं वाकळ कडेनं शिवत आत येतात. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे आणि चारी बाजूंनी धावदोरा घालत सुटायचं. चौकोनात चौकोन, त्यात आणखी एक. तोच चौकोन उंबऱ्यापुढच्या रांगोळीत, तोच आईच्या मनगटावरच्या गोंदणात. मला वाटायचं, या बायकांना दुसरं काही येतच नसावं! शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते. तिला आई ‘घर’ म्हणायची.

थोरला भाऊ लढाईवर गेला तेव्हा आईनं त्याचे जुने सदरे आत घालून वाकळ शिवायला घेतली. मधल्या घरापाशी आली आणि सुई काढून ठेवली. “ह्ये त्यो आल्यावर,” म्हणाली. माणूस मुलखाबाहेर असला की त्याची वाकळ पुरी करायची नाही, ही तिच्या सासूपासूनची रीत.

मला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण मी चौदा वर्षांची, अंगात नको तेवढा आगाऊपणा. त्यातच भावाचं पत्र आलं, रजा मंजूर झाली, सुगीला येतो म्हणून. मग काय, आलाच की! आई रानात तण काढायला, भांगलायला गेली होती, माझे हात शिवशिवत होते. मी घर शिवून टाकलं. टाके आईपेक्षा बारीक पडले, त्याचा तोरा वेगळाच.

आईनं सांजेला बघितलं. “आगं, ह्ये काय केलंस गं!” एवढंच. दिवा लावायच्या आत तिनं टाका न् टाका उसवला. त्यापेक्षा चार रट्टे दिले असते तर बरं झालं असतं.

सुगीच्या आधी तार आली. भाऊ बेपत्ता. आई त्यावरून मला एका शब्दानं बोलली नाही. त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा, अजून येतो. रडू मात्र आलं नाही. भाकरी थापायच्या, शेणी लावायच्या, पाणी आणायचं. दिवस जात होते.

लढाई संपली. गावची पोरं लोखंडी पेट्या घेऊन एकेक करून परतली. आई प्रत्येकाच्या दारात विचारायला जायची. पुढं पुढं जायची थांबली.

एके दुपारी तिनं वलणीवरची वाकळ काढून माझ्यापुढं टाकली.

“शीव.”

“मी?”

“तुझा टाका बारीक पडतो. माझ्या हातानं न्हाई व्हायचं.”

माझ्या जुन्या टाक्यांची भोकं तशीच होती. त्यांतूनच सुई घातली. आई समोर बसून बघत होती. मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. बोटाला सुई टोचली की तेवढं कळायचं.

गाठ मारली. आईनं दोरा दातानं तोडला. भर उन्हाळा होता. ती वाकळ डोक्यावरून ओढून भिंतीकडं तोंड करून निजली. मी बाहेर आले आणि दार लोटून घेतलं.